पंगतीतलं तूप

माझ्या सासरी चार म्हशी होत्या, आणि त्या चार म्हशींचा जेवढा तोरा होता तेवढा घरातल्या शिकलेल्या मुलांचाही नव्हता. जळगावच्या पूर्वेला, केळीच्या पट्ट्यातलं गाव. पाहुणा आला की त्याला आधी बाग नाही, गोठा दाखवायचे. मग ओसरीवर बसवून दुधाचा पितळी पेला हातात द्यायचे आणि तो रिकामा होईपर्यंत माझे सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणे, त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायचे. पाहुण्यानं ओठ पुसून 'वा' म्हटलं नाही तर तो आबांच्या मनातून कायमचा उतरला म्हणून समजावं. माझ्या नणंदेला आलेलं एक चांगलं स्थळ केवळ एवढ्यासाठी नाकारलं गेलं, की मुलानं अर्धा पेला खाली ठेवला होता.

अशा घराण्यात माझ्या पोटी दूध न सोसणारा मुलगा आला.

मी धुळ्याची. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात टंकलेखिका होते. नवरा एसटीच्या डेपोत कारकून. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, घरात आम्ही चौघं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. थोरली मुलगी गुणी होती. जे ताटात पडेल ते खायची आणि शाळेत जायची. धाकटा मात्र वरचं दूध सुरू केलं त्या आठवड्यापासूनच बिघडला. वाटीभर दूध पोटात गेलं की अंगभर गांधी उठायच्या, ओठ सुजायचे, पाठोपाठ उलटी. दोनदा तर धापच लागली. आमच्या गल्लीपलीकडच्या लहान मुलांच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, "बाई, याला दुधाचं वावडं आहे. दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा, सगळं बंद."

"तूपसुद्धा?" माझ्या नवऱ्यानं विचारलं. त्याचा चेहरा असा झाला होता, जणू डॉक्टरांनी पोराचं आडनाव बदलायला सांगितलं.

"तूपसुद्धा. पाच-सहा वर्षांचा झाला की कदाचित हे जाईलही. पण तेव्हा देऊन बघायचं असेल तर इथे, दवाखान्यात, माझ्यासमोर. घरी प्रयोग करू नका."

इतकं स्वच्छ सांगितलं होतं. त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. पण माझ्या सासरच्या माणसांना समजायचं नसलं की डॉक्टरच काय, ब्रह्मदेव आला तरी काही उपयोग नसे. एक म्हणे, पोराला दृष्ट लागली. दुसरी म्हणे, आई दिवसभर यंत्रावर बसून खडखड करते, तिचं दूधच तापलं, मग पोराच्या पोटाला दुसरं कसं सोसेल? हे ऐकून मी हसले तर हसण्यावरूनही बोलणी खाल्ली. सासूबाईंना आम्ही सुना आत्याबाई म्हणायचो. आत्याबाईंचं तर एकच म्हणणं होतं, की शहरातल्या दुधात पाणी असतं, दोष पाण्याचा आहे. त्यांनी गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर आपल्या हातचं तूप पाठवलं, डबाभर, दाणेदार, खाली बेरीचा थर असलेलं. नवऱ्यानं माझी नजर चुकवून त्यातलं अर्धा चमचा पोराच्या वरणभातावर घातलं. घटकाभरात पोराचा खालचा ओठ भजीसारखा फुगला. नवरा म्हणाला, "डास चावला असेल."

तेव्हापासून मी घरातून दूध हद्दपार केलं. याच्यासाठी वेगळं आणि आमच्यासाठी वेगळं असा दोन स्वयंपाकांचा थाट ज्यांच्या घरी चार बाया राबतात त्यांनी करावा. मला साडेदहाला टेबलावर हजर व्हायचं असे. शिवाय एकाच ओट्यावर दोन पातेली, दोन पळ्या. कुठली पळी कुठं बुडली यावर लक्ष कोण ठेवणार? सगळ्यांनी तेच खायचं. दूधवाल्याला मी नको म्हणून सांगितलं तेव्हा तो दारातच सायकलला टेकून उभा राहिला. तो धुळ्याजवळच्या खेड्यातला.

"काय व्हयनं ताई? दूधमा काही खोट निंघनी का?"

"खोट नाही भाऊ. पोराला सोसत नाही."

"मन्ही म्हैसनं दूध बठ्ठा धुळामा नंबर एक शे!" असं म्हणून त्यानं माझ्याकडे जे पाहिलं, त्यात कीव होती. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीत झालं होतं की कारकुनाच्या घरात आता दुधाचेही वांधे आहेत.

नवऱ्याचं सांगते. त्यानं घरी कोरा चहा निमूट स्वीकारला. कपातल्या त्या काळ्या पाण्याकडे तो असा बघायचा, जणू पोरासाठी केवढा त्याग चाललाय. आणि मग डेपोच्या कँटीनमध्ये जाऊन दुधाचे दोन कप रिचवायचा. मला हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, कारण मिशीला साय लागलेली असे. आपल्या दुधाळ मिशीनं पोराचा पापा घेऊ नका, एवढंच मी सांगितलं, आणि त्यावर तो दोन दिवस रुसला.

खायचं काय, हा प्रश्न मला एक दिवसही पडला नाही, आणि लोकांना नेमका तोच पडलेला असायचा. सकाळी उठून कुकर चढवायचा. एका भांड्यात तुरीची डाळ, एकात भात. दुसऱ्या शेगडीवर कळण्याच्या भाकऱ्या. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची ती भाकरी, मुलांचे हात लहान म्हणून मी छोट्या छोट्या करायची. त्यावर शेंगदाण्याची लसूण घातलेली चटणी आणि कच्चं तेल. बुधवारी फुणके, म्हणजे वाटल्या डाळीचे उकडलेले मुटके. ते एकदा केले की डब्यालाही होत आणि संध्याकाळी फोडणी घालून पुन्हा ताटात येत. संध्याकाळी ऑफिसातून आले की मुगाची खिचडी, तिच्यावर शेंगदाण्याच्या कच्च्या तेलाची धार, शेजारी भाजलेलं बिबडं, म्हणजे ज्वारीचा जाडसर पापड. हिवाळ्यात वांग्याचं भरीत. दुपारच्या भुकेला गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणि केळी. केळी सासरहून येत, तेवढा एक उपकार होता. खिरीची आठवण आली तर भिजवलेले शेंगदाणे मिक्सरमधून काढून, फडक्यानं गाळून त्या पांढऱ्या रसात गूळ-वेलदोडा घालून द्यायची. मुलगा वाटी चाटून पुसून ठेवायचा. वजनही चांगलं भरायचं.

मला चीड यायची ती याची, की ह्यात नवीन काहीच नव्हतं. सासरच्या बागेत मजुरीला येणाऱ्या बायका दुपारी बांधावर बसून फडकं सोडायच्या, त्यात हेच असायचं. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. त्यांच्या पोरांना जन्मात तुपाचा वास लागला नव्हता. त्यांच्यासाठी कधी कुणी हळहळलं नाही. माझ्या पोराच्या ताटात तीच भाकरी आली तर साऱ्या भाऊबंदकीनं उसासे टाकले. परवा पुण्याहून भाची आली होती. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं हौसेनं दूध सोडलंय, त्यावर दोन जाडजूड पुस्तकंही घेतलीत. मला म्हणते, "मामी, तुम्ही तर तेव्हाच वीगन होता!" मी म्हटलं, तेव्हा त्याला तसलं गोंडस नाव नव्हतं, त्याला तेव्हा दळभद्रीपणा म्हणत.

मुलगा चार वर्षांचा झाला त्या हिवाळ्यात माझ्या मोठ्या जावेच्या धाकट्याचं जावळ निघालं. मोठ्या जावेला मी अक्का म्हणायची. दीर, ज्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, आबांबरोबर बाग बघायचे. दोनशे पानांचा बेत होता, वरण-बट्टीचा. बट्टी म्हणजे गव्हाच्या जाड पिठाचा मुठीएवढा गोळा, गोवऱ्यांच्या आरात भाजायचा, तडा गेला की गरम तुपात बुडवून काढायचा. पंगतीत तर त्याच्यावर आणखी तूप वाढतात. आमच्या भागात वरण-बट्टीचं जेवण कसं झालं हे कुणी विचारत नाही, तूप कसं होतं हे विचारतात. आणि आबांची ख्याती अशी, की त्यांच्या पंगतीत म्हशीच्या साजूक तुपाशिवाय थेंब वाढला जात नाही. हे ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे, त्यामुळे ख्यातीत खंड पडत नसे.

मी पोराचा डबा घेऊन गेले होते. भाकरी, चटणी, लाडू. तो डबा बघून ओसरीवरच्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. आत्याबाई तर अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माह्या दावणीले चार म्हशी, अन् माहा नातू डब्यातली तेल-भाकर खातो. लोकं काय म्हनतीन?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पंगती बसायच्या आधीच पोराला भरवून मोकळी झाले आणि मागच्या अंगणात वांगी चिरायला बसले.

तिथंच चुकले. घटकाभरानं कुणीतरी सांगत आलं, की तुझा मुलगा आजीच्या मांडीवर बसून झकास जेवतोय. मी विळी तशीच टाकून पळाले. बायकांच्या पंगतीत आत्याबाई मध्ये, मांडीवर माझा मुलगा, समोर पत्रावळीवर कुस्करलेली बट्टी, आणि ती तुपात अक्षरशः पोहत होती. पोराची हनुवटी चकाकत होती. भाऊ तुपाची वाढी घेऊन तिथंच उभे होते. माझ्यादेखत त्यांनी पोराच्या घासावर आणखी धार धरली.

मी पोराला ओढून घेतलं, त्याच्या तोंडात बोट घालून घास काढला, पदरानं ओठ पुसले. पंगत थांबली. दोनशे माणसांच्या मांडवात एका सुनेनं सासूच्या मांडीवरून पोर ओढलं, एवढंच लोकांना दिसलं. आत्याबाई म्हणाल्या, "काई होत नही त्याले! घरचं तूप हाये माह्या हातचं. तीन महिने साठवलं मी."

मी गोठ्याकडच्या निंबाखाली पोराला घेऊन बसले. दर पाच मिनिटांनी त्याचा सदरा वर करून पोट बघायची, ओठ बघायची, छातीला कान लावायची. गावात डॉक्टर नव्हता. सगळ्यात जवळचा दवाखाना तासाभराच्या अंतरावर, आणि आबांची जीप पाहुण्यांना आणायला गेलेली. पोरगं मात्र मजेत होतं. त्याला खाली उतरून वासरामागे पळायचं होतं.

एक तास गेला. दोन गेले. काही झालं नाही. एक गांध नाही, ओठाला सूज नाही. पोर धडधाकट. मग एकेक जण येऊन बघून जायला लागला. कुणी पोराचा गालगुच्चा घेई, कुणी माझ्याकडे बघून हसे. आबा स्वतः आले. काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "काई झालं का? सांग ना, काई झालं का?" मी पोराचा सदरा खाली ओढला. "शहरातल्या दुधात भेसळ राह्यते. लेकराले त्याचंच होत असंन. घरचं तूप कोनाले बाधत नही." अक्काही आली होती. ती पोराकडे बघत जरा वेळ उभी राहिली, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण तिला आतून कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.

परत येताना बसमध्ये नवरा खुशीत होता. खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "चार वर्षं उगाच पोराला उपाशी ठेवलं आपण." 'आपण' म्हणाला, पण त्याचा अर्थ मला चांगला समजला.

आणि मला हे सांगायची लाज वाटते, की मीही मनात तेच म्हणत होते. पुढचे पंधरा दिवस मी दुसरा विचारच केला नाही. त्याच तुपाच्या अर्ध्या चमच्यानं ओठ सुजला होता, आता वाटीभर तूप पचलं. म्हणजे डॉक्टर म्हणाले तसं वावडं गेलं असणार. किती सुटसुटीत हिशेब! डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं. पण त्यांच्याकडे जायचं म्हणजे रजा, रांग, अर्धा दिवस. शिवाय खरं कारण वेगळंच होतं. मला कंटाळा आला होता. प्रत्येक लग्नात, प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक शेजाऱ्याच्या दारात 'याला नको हं, याला चालत नाही' म्हणत हात आडवा घालायचा मला भयंकर कंटाळा आला होता. वाईट बाई होण्याचा कंटाळा आला होता. मला एकदा सगळ्यांसारखी आई व्हायचं होतं.

रविवार होता. मी गल्लीच्या तोंडावरून अर्धा लिटर दूध आणलं आणि शेवयांची खीर केली. मुलीला कळेना, आज घरात हा कसला वास. नवरा पेपर बाजूला टाकून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, एखाद्या लग्नाच्या मांडवात आल्यासारखा. मी वाटी भरून पोरासमोर ठेवली.

त्यानं वाटीत बघितलं. चमचा उचलला नाही.

"आई, हे दूध आहे ना?"

"हो."

"मला दूध चालत नाही."

चार वर्षांचं पोर, त्याला पाठ होतं. मीच शिकवलं होतं. कुणी काही दिलं की असं म्हणायचं, म्हणून. मी म्हटलं, "आता चालतं तुला. आजीकडे तूप खाल्लंस ना? काही झालं का?" सासऱ्यांचंच वाक्य माझ्या तोंडून आलं. तरी तो माझ्याकडे बघत राहिला. मी चमचा भरला आणि म्हटलं, "खा. मी सांगतेय ना."

मी सांगतेय म्हणून त्यानं खाल्लं. पूर्ण वाटी खाल्ली. त्याला आवडली होती.

पाच मिनिटांत त्याचे कान लाल झाले. मग मान, मग पोट, मग डोळे सुजून मिटले. उलटी झाली आणि त्यानंतर श्वासाला तो आवाज यायला लागला. नवरा रिक्षा आणायला धावला, मी पोराला खांद्यावर टाकून अनवाणी त्याच्या मागे. रिक्षा येईपर्यंत पोराची मान माझ्या खांद्यावर पडली होती. रविवारी दवाखाना बंद असतो, पण डॉक्टर वरच्या मजल्यावर राहत होते, म्हणून माझा मुलगा आज आहे. ते जेवता जेवता उठून आले. हाताला वरण लागलेलं होतं. एक इंजेक्शन, मग दुसरं, मग सलाईन. पोराला श्वास नीट यायला लागल्यावर त्यांनी मला विचारलं, "काय दिलंत?"

मी सांगितलं.

"कुणी सांगितलं द्यायला?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं हात धुवायला गेले.

तीन दिवस त्याला तिथं ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासरची मंडळी आली. आबा, आत्याबाई आणि अक्का. आबांनी डॉक्टरांचं शिक्षण कुठलं याची चौकशी केली. आत्याबाई खाटेवर बसून डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "पन जावळाच्या पंगतीत त काई नही झालं ना वं माय. माह्या तुपानं काई नही झालं. तुह्या हातानंच काई झालं असंन." एवढं बोलून त्या माझ्या नवऱ्याला घेऊन चहाला गेल्या. आबाही गेले.

अक्का मागे राहिली. तिनं माझ्यासाठी भाकरी बांधून आणली होती. ते फडकं माझ्या मांडीवर ठेवता ठेवता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "ते तूप नव्हतं."

मला कळलंच नाही.

"पंगतीतलं. वनस्पती व्हतं ते. डबे म्या माह्या हातानं फोडले, चाऱ्याच्या खोलीत. विड्याची पानं टाकून कढवलं वासासाठी. आबा म्हने, कोनाले बोलायचं नही. सासूलेबी नही."

"आणि माझा मुलगा खात होता तेव्हा?"

"मी पाहून राह्यली व्हती," अक्का म्हणाली. "मले वाटलं, बरं झालं. वनस्पती हाये, पोराले काई व्हनार नही. म्हनून गप राह्यली." मग तिचा आवाज फुटला. "तू दूध देशीन असं मले काय माहीत?"

वनस्पती तूप म्हणजे नुसतं गोठवलेलं तेल. त्यात म्हशीचा काय संबंध? माझ्या स्वयंपाकघरात जे तेल होतं त्याचाच भाऊ. ज्या तेलावरून माझी चार वर्षं चेष्टा झाली, तेच आबांनी पितळी वाढीतून दोनशे माणसांना वाढलं. माणसांनी बोटं चाटली, घरच्या म्हशींची तारीफ केली. मला त्या मांडवातल्या सगळ्यांचा तिरस्कार वाटला. आणि त्यातल्या त्यात सगळ्यात जास्त मूर्ख कोण होतं, तर मी. मी माझे डोळे, माझी चार वर्षं, माझ्या डॉक्टरचा शब्द, सगळं त्या डब्यांवरून ओवाळून टाकलं होतं.

चहा घेऊन सगळे परत आले तेव्हा मी गप्प राहिले नाही. अक्काचं नाव घेतलं नाही. आबांकडे बघून म्हटलं, "जावळाच्या पंगतीत वनस्पती होतं. तुम्ही दूध-तुपाचा मोठेपणा मिरवलात आणि मी तुमच्यावर विश्वास ठेवला. म्हणून माझा मुलगा मरायला टेकला." खोलीत शेजारच्या खाटेवरचं एक बाळ रडत होतं. आबा खिडकीकडे वळले. त्यांनी खोटं आहे असंही म्हटलं नाही.

बोलल्या त्या आत्याबाई. मला वाटलं, आता तरी नातवाकडे बघतील. त्यांनी आबांकडे बघितलं आणि विचारलं, "मंग माहं तूप कुठी गेलं? तीन महिन्यांचं?"

ते तूप, मागाहून कळलं, मोटारपंपाच्या विजेचं काम लवकर व्हावं म्हणून एका साहेबाच्या घरी पोचलं होतं. आत्याबाईंनी आबांशी महिनाभर अबोला धरला. तुपासाठी. माझ्या पोराच्या हातात सुई होती, डोळे अजून सुजलेले होते, आणि त्या खोलीत हरवलेलं काही असेल तर ते तूप होतं.

बुधवारी आम्ही घरी आलो. नवरा एकदाचा शहाणा झाला होता. त्यानं स्वतः घर झाडून ठेवलं होतं, दुधाचं पातेलं माळ्यावर टाकलं होतं. मी मुगाची खिचडी केली. मऊ, पातळसर, वरून कच्च्या तेलाची धार, जशी त्याला आवडते तशी. त्याला पाटावर बसवलं, घास केला, फुंकर घातली आणि त्याच्या तोंडापाशी नेला.

त्यानं तोंड मिटून घेतलं.

"खा रे. खिचडी आहे. तेलाची."

तो हलला नाही. माझ्याकडे बघत होता. रडत नव्हता, हट्टही करत नव्हता. भूक लागलेली होती, ते त्याच्या गळ्याकडे बघून कळत होतं. मी म्हटलं, "यात दूध नाही. मी सांगतेय ना."

हे शब्द माझ्या तोंडून गेले आणि मी थांबले. त्यानं मान वळवली आणि बहिणीकडे बघितलं. ती सात वर्षांची, कोपऱ्यात पाढे लिहीत बसली होती. ती उठून आली. तिनं माझ्या हातातल्या घासापाशी नाक नेलं, मग बोटानं जरासा काढून जिभेवर ठेवला, विचार केला आणि म्हणाली, "तेल आहे. खा."

मग त्यानं तोंड उघडलं.

तो पहिली इयत्ता संपेपर्यंत असाच जेवला. आधी ताई, मग तो. पाहुण्यांना त्याचं फार कौतुक वाटायचं, हसायचे सगळे. भावंडांचं प्रेम बघा म्हणायचे. मी पोळपाटाकडे तोंड करून उभी राहायची. त्या घरात वास घेऊन बघायचं ते फक्त माझ्याच हातचं होतं.